मुक्या जिवाचे हाल दिसले तर: तक्रारीपासून ताब्यापर्यंत काय करायचं

बाल्कनीत दिवसरात्र साखळीला बांधलेला कुत्रा, पावसात भिजणारा पिंजरा, मालक परगावी गेल्यावर बंद घरातून येणारा मांजरीचा आवाज. हे पाहून जीव तुटतो. मग कोणी गप्प बसतं, कोणी व्हिडिओ काढून सगळ्या ग्रुपवर पाठवतं. त्यातून त्या जनावराच्या वाट्याला सहसा काही येत नाही. पोलीस, पशुवैद्य आणि न्यायालय ज्यावर हलतात ती असते तारीखवार लिहिलेली नेमकी तक्रार. जनावर स्वतःचा जबाब नोंदवू शकत नाही, त्याच्या वतीनं तुमच्या कागदालाच बोलावं लागतं. तो कागद कसा तयार करायचा, कुठे द्यायचा आणि दिल्यानंतर काय करायचं, हे महाराष्ट्रातल्या पद्धतीला धरून इथे सांगते आहे. ज्यांनी आजवर पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही, त्यांच्यासाठी मुख्यतः.

आधी बघा, घाई किती आहे

कोणी आत्ता मारहाण करतंय, जनावर बंद गाडीत धापा टाकतंय, गळ्यात फास बसलाय, अंगावर फटाके बांधलेत, विष खाल्ल्यासारखे झटके येतायत, असं असेल तर नोंदी करत बसू नका. ११२ ला फोन करा, पत्ता आणि खूण नीट सांगा. आजूबाजूच्या दोन माणसांना बोलावून घ्या आणि जवळच्या प्राणी रुग्णालयाला कळवा. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय आहे. जुने मुंबईकर त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. ते चालवणारी प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटी १८७४ पासून काम करते आहे. आपल्या गावातल्या किंवा शहरातल्या अशा जागेचा फोन आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा, कारण ऐन वेळी शोधताना हात थरथरतात.

जखमी जनावर घाबरलेलं असतं आणि ओळखीच्या माणसालाही चावू शकतं. तोंडातून लाळ गळत असेल, चाल अडखळत असेल तर उघड्या हातानं उचलू नका. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा.

बाकीची बहुतेक प्रकरणं हळूहळू चालणारी असतात: अपुरं अन्न, अखंड बंदिस्तपणा, न केलेला उपचार. यात हानी तेवढीच खोल होते, पण ती सिद्ध करायला दिवस लागतात. नव्या माणसाची खरी गरज तिथेच असते.

कायद्यातलं लागेल तेवढंच

मुख्य कायदा आहे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम. कलम ३ सांगतं की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्यानं त्याच्या भल्यासाठी वाजवी काळजी घेतलीच पाहिजे. कलम ११(१) मध्ये क्रूरतेचे प्रकार एकेका खंडात दिले आहेत. पाळीव प्राण्यांसाठी हे लक्षात ठेवा: 'ए' म्हणजे मारहाण आणि छळ. 'ई' म्हणजे हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं. 'एफ' म्हणजे फार आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधणं. 'जी' म्हणजे सतत बांधलेल्या कुत्र्याला मोकळं फिरवण्यात हयगय. 'एच' म्हणजे मालकानं पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं. 'आय' म्हणजे उपासमार होईल अशा अवस्थेत सोडून देणं. 'एल' म्हणजे अवयव तोडणं किंवा क्रूरपणे ठार मारणं, आणि यात भटके कुत्रेही येतात.

पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. हा आकडा ऐकून अनेक जण तिथूनच परत फिरतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. कारण या कायद्याची ताकद दंडात नाही, कलम ३४ मध्ये आहे. या कायद्याखाली गुन्हा झाला आहे असं मानायला कारण असेल आणि परिस्थिती तशी असेल, तर शिपायापेक्षा वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस अधिकारी तो प्राणी ताब्यात घेऊन तपासणीसाठी पाठवू शकतो. उपाशी कुत्र्याला ५० रुपयांच्या दंडाशी देणंघेणं नाही, त्याला त्या बाल्कनीतून बाहेर यायचं आहे.

दुसरं शस्त्र भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५. प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, अपंग किंवा निकामी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. आधीच्या दंड संहितेत प्राण्याची किंमत १० रुपये की ५० रुपये यावर कलम ठरायचं, ती अट आता गेली. शेजाऱ्याच्या पाळीव कुत्र्याला कोणी विष घातलं असेल तर हे सगळ्यात भक्कम कलम.

आता दखलपात्र आणि अदखलपात्र यातला फरक. कलम ३२५ दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट एफआयआर नोंदवून तपास करू शकतात. १९६० च्या कायद्यात कलम ११(१) पैकी 'एल' आणि झुंजी व नेमबाजीबद्दलचे 'एन' आणि 'ओ' एवढेच खंड दखलपात्र. उपासमार, साखळी, पिंजरा हे अदखलपात्र, म्हणून ठाण्यात 'एनसी', म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात. मात्र एकाच प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. म्हणून उपासमारीबरोबर पाय मोडल्याची जखमही असेल तर ती अर्जात सुटता कामा नये.

आणि एक मुदत: १९६० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर खटला दाखल करता येत नाही. 'बघू, सुधारेल' म्हणत वाट पाहण्याला इथे मर्यादा आहे.

पिंजऱ्यातला देशी पोपट किंवा काचेच्या टाकीतलं तारांकित कासव दिसलं तर रस्ता वेगळा. हे वन्यजीव आहेत, १९७२ च्या कायद्यानं संरक्षित आहेत आणि ते घरात ठेवणं हाच गुन्हा. महाराष्ट्र वन विभागाचा क्रमांक १९२६.

पाहणी आणि नोंदवही

साधी वही घ्या. तारीख, वेळ, कुठून पाहिलं, काय दिसलं. 'कुत्र्याचे फार हाल होतायत' हे मत झालं. 'सकाळी ७.१०, पाण्याचं भांडं उलटं, कोरडं. कुत्रा पत्र्याच्या शेडखाली, साखळी सुमारे दोन फूट, विष्ठा कालचीच' ही नोंद झाली. रोज दोन ठरलेल्या वेळी पाहा. भांडं भरलेलं दिसलं तर तेही लिहा. बाजूनं आणि विरोधात दोन्ही लिहिणाऱ्याची वही न्यायालयात टिकते.

काय बघायचं? शरीर वरून आणि बाजूनं बघा. निरोगी कुत्र्याच्या बरगड्या हाताला लागतात, पण दुरून दिसत नाहीत आणि वरून पाहिलं तर कमरेला आत वळण असतं. बरगड्या, मणके आणि कमरेची हाडं लांबूनच उठून दिसत असतील, मांड्यांचं मांस गेलं असेल, तर पशुवैद्यांच्या १ ते ९ च्या शरीरस्थिती मोजपट्टीवर तो १ किंवा २ वर असतो. ४-५ म्हणजे ठीक. गळ्यात पट्टा रुतला आहे का, पट्ट्याभोवती ओल किंवा वास आहे का. लहानपणी घातलेला पट्टा कुत्रा मोठा झाल्यावरही न बदलल्यानं कातडीत रुततो, हे फार वेळा घडतं. नखं वळून पंजात घुसली आहेत का. कोपरांवर घट्टे किंवा जखमा आहेत का, म्हणजे तो कडक फरशीवरच पडून असतो. गोचिडांचे झुबके, केसांच्या गुठळ्या, पावसाळ्यात जखमेत पडलेल्या अळ्या. अळ्या पडलेली जखम दिसली तर ती तातडीची समजा, एकदोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

हवामानही लिहा. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याखाली दुपारी बांधलेल्या कुत्र्याला निवारा 'आहे' असं म्हणता येत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं आणि तो मुख्यतः धापा टाकूनच अंग गार करतो. पाणी नसेल तर तेही त्याला साधत नाही.

मांजरांचं दुर्लक्ष बाहेरून दिसत नाही, वासावरून कळतं. दाराबाहेर डोळे चुरचुरतील असा मुताचा वास, खिडकीत ओळीनं बसलेली पंधरा-वीस मांजरं, चिकट डोळे. अशा घरात बहुतेक वेळा एक एकटं, थकलेलं माणूस असतं, ज्यानं मायेपोटी एकेक जीव घरात घेतला आणि मग सगळंच हाताबाहेर गेलं. तिथे पोलिसांआधी नसबंदी करणारी संस्था आणि त्या माणसाचे नातेवाईक यांना गाठा. सगळी मांजरं एका दिवसात ओढून नेली तर ते माणूस महिन्याभरात पुन्हा तिथेच येतं.

निष्कर्षाची घाई मात्र नको. मूत्रपिंडाच्या आजाराचा म्हातारा कुत्रा उत्तम काळजी घेऊनही हाडांचा सापळा दिसतो. केस गेलेल्या कुत्र्यावर खरजेचा उपचार चालू असू शकतो. उपचार चालू आहे का, हे विचारल्यावरच कळतं.

फोटो आणि व्हिडिओ रस्त्यावरून, जिन्यातून किंवा स्वतःच्या गच्चीतून घ्या. कुणाच्या आवारात शिरू नका, कुलूप तोडू नका आणि जनावर परस्पर उचलून आणू नका. तुमच्यावरच चोरीची तक्रार होते आणि मूळ प्रकरण बाजूला पडतं. व्हिडिओ न तोडता एकसलग घ्या: आधी इमारतीची पाटी किंवा फाटक, मग जनावर, मग भांडं. त्यावर गाणं, अक्षरं, गोल खुणा काही नको. मूळ फाइल फोनमध्ये तशीच राहू द्या, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखी पाठवलेली प्रत दबते आणि तिच्यातली तारखेची माहिती जाते. न्यायालयात असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी मूळ फोन सांभाळलेला बरा. सोसायटीच्या सीसीटीव्हीत काही आलं असेल तर सचिवांना लगेच लेखी विनंती करा. ते चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

बोलून सुटतंय का

मारहाण किंवा विषप्रयोग असेल तर ही पायरी गाळा. घरात बायका-मुलांनाही मारहाण होत असेल असा संशय असेल तरी गाळा. तिथे माणसांचाही जीव धोक्यात असतो आणि ते पोलिसांना स्पष्ट सांगितलं पाहिजे.

साध्या हयगयीत मात्र बोलणं खूप काम करतं. बऱ्याच घरांत कुत्रा मुलाच्या हट्टानं येतो, मुलगा शिकायला बाहेर जातो आणि कुत्रा म्हाताऱ्या आई-वडिलांच्या गळ्यात पडतो. त्यांना त्याला ओढून फिरवणं झेपत नाही. अशा वेळी 'तुमच्यावर केस करीन' हे पहिलं वाक्य असेल तर दार कायमचं बंद होतं. त्यापेक्षा: "काकू, मोती हल्ली फार खंगल्यासारखा वाटतो. काकांच्या गुडघ्यामुळे त्याला बाहेर नेणं होत नसेल, तर संध्याकाळी मी नेईन. आणि रविवारी डॉक्टरकडे जाते आहे, त्यालाही घेऊन जाऊ का?" काकूंच्या उत्तरावरून तुम्हाला अर्धं प्रकरण कळतं. मदत घेतली तर उत्तम. 'आमचा कुत्रा, आम्ही बघून घेऊ' असं ऐकू आलं तर आठवडाभर पुन्हा नोंदी करा आणि अर्ज लिहा. हे बोलणंही वहीत लिहून ठेवा. मदत देऊ केली होती, ती नाकारली, हे पुढे कामाला येतं.

अर्ज

तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात लेखी द्या. दोन प्रती काढा आणि दुसरीवर तारखेसह शिक्का व सही, म्हणजे पोच, घेतल्याशिवाय निघू नका. मसुदा साधारण असा:

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
…… पोलीस ठाणे

विषय: पाळीव कुत्र्याला उपाशी ठेवून अखंड बांधून ठेवल्याबाबत

महोदय,
मी …… येथे राहतो/राहते. समोरील इमारतीच्या पहिल्या मजल्यावरील सदनिका क्र. …… च्या बाल्कनीत तपकिरी रंगाचा, उजव्या कानावर पांढरा डाग असलेला नर कुत्रा सुमारे दोन फुटी साखळीने बांधलेला आहे. दि. …… ते दि. …… या काळात मी रोज सकाळी व रात्री पाहणी केली. त्यापैकी …… या तारखांना अन्न व पाण्याची भांडी रिकामी होती. एकदाही त्याला मोकळे सोडलेले दिसले नाही. त्याच्या बरगड्या व मणके दुरून दिसतात व मानेवर जखम आहे. दि. …… रोजी मी मदत देऊ केली, ती नाकारण्यात आली. छायाचित्रे व नोंदी सोबत जोडल्या आहेत.
प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० चे कलम ३ आणि कलम ११(१) खंड एफ, जी, एच यांचा भंग झाल्याचे दिसते. तरी कलम ३४ अन्वये प्राण्याची तातडीने पशुवैद्यकीय तपासणी करावी, आवश्यक असल्यास तो ताब्यात घ्यावा व स्थळपंचनामा करावा, ही विनंती.

अर्जात शिव्या, आरोप, मालकाच्या स्वभावाची वर्णनं नकोत. दिसलं तेवढंच. महाराष्ट्रात पोलीस कायदा, १९५१ चं कलम ११९ हेही प्राण्यांच्या क्रूरतेवर आहे, ठाण्यात ते सहसा सोबत लावतात.

एक प्रत जिल्हा प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटीला द्या. २००१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात अशी सोसायटी हवी. तिची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांकडे करा. प्राण्यांची बेकायदा पैदास किंवा दुकानातले हाल असतील तर पशुसंवर्धन विभागाला आवर्जून कळवा: कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत, नोंदणी सक्तीची आहे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही.

निनावी फोन करता येतो आणि कधी कधी तेवढ्यावर पोलीस चक्करही मारतात. पण खटला उभा राहायला कोणीतरी नावानिशी जबाब द्यावा लागतो. एकटं वाटत असेल तर दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून सही करा.

घेतलं नाही तर

ठाणे अंमलदार 'कुत्र्यासाठी कसली तक्रार' म्हणू शकतात. वाद घालू नका. कलम ३४ चं पान छापून सोबत न्या, शांतपणे दाखवा आणि वरिष्ठ निरीक्षकांना भेटायचं आहे म्हणा. गुन्हा दखलपात्र असेल तर घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपासाच्या नव्या कायद्याच्या) कलम १७३ प्रमाणे तो नोंदवावा लागतो आणि एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. ऑनलाइन कळवलं असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. तरीही नकार आला तर पोलीस अधीक्षकांना, शहरात पोलीस उपायुक्तांना, टपालानं लेखी पाठवा. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. अदखलपात्र गुन्ह्यात तपासाचा आदेश दंडाधिकारीच देतात, तेव्हा एनसीची प्रत घेऊन तिथे अर्ज करा. घर बंद असेल आणि आत प्राणी असेल तर १९६० च्या कायद्याच्या कलम ३३ खाली झडतीचं वॉरंट निघू शकतं, ते अर्जात मागा. महिन्याभरात काहीच कळलं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका: माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली, कोणत्या तारखेला, कोणत्या अधिकाऱ्यानं.

तपासात पशुवैद्याचा कागद

इथेच बहुतेक प्रकरणं जिंकली किंवा हरली जातात. पंचनामा होताना तुम्ही साक्षीदार म्हणून हजर राहू शकता. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता कायद्यानंच बंधनकारक आहे. प्राणी तपासणीला गेला की शक्यतो सरकारी पशुधन विकास अधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र घ्यायला सांगा. 'अशक्त आहे' एवढी एक ओळ पुरत नाही. वजन, शरीरस्थितीचा अंक, तापमान, प्रत्येक जखमेची जागा, लांबी आणि अंदाजे वय, रक्ततपासणी, आणि हे कशामुळे झालं असावं याबद्दलचं मत लिहून मागा. जखमेचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढायला सांगा.

दुसरी तपासणी दोन-तीन आठवड्यांनी करायला विसरू नका. निवाऱ्यात रोजचं साधं अन्न मिळाल्यावर त्याच कुत्र्याचं वजन भराभर वाढलं, तर तो आजारानं नव्हे, उपासमारीनं खंगला होता हे आपोआप दिसतं. 'त्याला आधीपासूनच रोग होता' या बचावाला याहून चांगलं उत्तर नाही. दर आठवड्याचं वजन लिहून ठेवणं निवाऱ्यातल्या कुणालाही जमतं.

मालकी कोणाची हेही सिद्ध करावं लागतं. लसीकरणाचं पुस्तक, महापालिकेचा कुत्र्याचा परवाना, जुने फोटो, रखवालदाराचा जबाब यांतून ते होतं. नाहीतर ऐन वेळी 'कुत्रा आमचा नाहीच' असं ऐकावं लागतं.

जनावर मेलं असेल तर दुःख बाजूला ठेवून एक गोष्ट लगेच करा: पुरू नका आणि जाळू नका. हातमोजे घालून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, बर्फाच्या पिशव्यांत ठेवा. गोठवू मात्र नका, गोठल्यानं पेशी फाटतात आणि शवविच्छेदनात खुणा हरवतात. उलटी, उरलेलं खाणं, जवळ पडलेला कागद किंवा पुडी वेगवेगळ्या स्वच्छ डब्यांत ठेवा आणि डबे पोलिसांकडेच द्या. उंदराच्या काही औषधांमधून विषारी वायू निघतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि वास घेऊन बघू नका. शवविच्छेदन झाल्यावर नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवावेत, अशी मागणी लेखी करा.

ताबा

जप्त केलेला प्राणी कागदोपत्री मुद्देमाल असतो. २०१७ च्या नियमांप्रमाणे खटला चालू असताना तो पांजरपोळ, प्राणी रुग्णालय किंवा प्राणिकल्याण संस्थेकडे ठेवता येतो आणि त्याचा खर्च आरोपीवर टाकण्यासाठी दंडाधिकारी हमीपत्र घेतात. तोवर त्याला कोणी दत्तक घेऊ शकत नाही, कितीही चांगलं घर मिळालं तरी. मालकानं कुत्रा परत मागितला तर सरकारी वकिलांमार्फत तुमची वही आणि दोन्ही पशुवैद्यकीय अहवाल न्यायालयापुढे ठेवा. १९६० च्या कायद्याच्या कलम २९ प्रमाणे दोषी ठरलेल्याकडून प्राणी कायमचा काढून घेता येतो आणि पुढे प्राणी पाळायला मनाईही करता येते. मात्र प्राणी काढून घ्यायचा तर तो परत दिल्यास पुन्हा हाल होतील, असं पुराव्यानं दाखवावं लागतं.

अनेक मालक या टप्प्यावर स्वतःच कंटाळतात. तेव्हा त्यांच्याकडून हक्क सोडल्याचं पत्र दोन साक्षीदारांच्या सह्यांसह घ्या, कुत्र्याचं वर्णन आणि फोटो त्यातच जोडा आणि ते तपास अधिकाऱ्यांना द्या. न्यायालयाची परवानगी मिळाली की दत्तक देण्याचा मार्ग मोकळा होतो. नव्या घरी जाताना लसीकरणाचं पुस्तक, नसबंदीची नोंद आणि वजनाचा तक्ता सोबत द्या आणि पहिल्या महिन्यात निदान दोनदा स्वतः जाऊन बघून या.